माकूळ परत येत नाहीत, त्यांची पुढची पिढी येते

आपण विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत: किनाऱ्यालगतच्या एका ठराविक पट्ट्यात दरवर्षी ठराविक महिन्यांत माकुळांचे थवे येतात, काही आठवडे दिसतात आणि मग एकाएकी नाहीसे होतात. ते जातात कुठे? पुढल्या वर्षी येतात ते तेच असतात का? एकाच जाळ्यात हातभर लांब आणि बोटभर लांब असे दोन्ही सापडतात, तर त्यांची वये किती असावीत? आणि एखाद्या वर्षी ते जवळजवळ येतच नाहीत, ते कशामुळे?

आधी एक खुलासा केलेला बरा. बोलीभाषेत माकूळ हा शब्द स्क्विड आणि कटलफिश या दोघांनाही लावला जातो. इथे मी फक्त स्क्विडविषयी लिहितो आहे, म्हणजे नळीसारखे निमुळते अंग आणि आत पेनाच्या निबासारखी पातळ, पारदर्शक पात असलेला प्राणी. त्यातही खोल समुद्रातले मोठे स्क्विड बाजूला ठेवतो. लोलिगिनिडी कुळातले, डोळ्यावर पारदर्शक पडदा असलेले आणि बहुतांशी समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या तुलनेने उथळ तळावर, वावरणारे किनारी स्क्विड हा आपला विषय आहे. या कुळात सुमारे पन्नास जाती आहेत.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण वयाचा हिशेब चुकला की हालचालींचा सगळाच हिशेब चुकतो. माशाचे वय त्याच्या लांबीवरून अजमावण्याची सवय मत्स्यविज्ञानात जुनी आहे. पकडलेल्या माशांच्या लांबीचा आलेख काढायचा, त्यात उंचवटे दिसले की पहिला उंचवटा एक वर्षाच्या माशांचा, दुसरा दोन वर्षांच्या, असे धरून चालायचे. स्क्विडला हीच पद्धत लावल्यामुळे वायव्य अटलांटिकमधल्या लांब पराच्या स्क्विडचे आयुष्य दीड-दोन वर्षांचे, काहींच्या मते त्याहूनही अधिक असावे, अशी समजूत बराच काळ टिकून होती. पुढे स्टॅटोलिथमधली वलये मोजली गेली तेव्हा तो प्राणी वर्षभरही जगत नाही असे दिसून आले. लांबीच्या आलेखातले उंचवटे वर्षांचे नव्हते; काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या तुकड्यांचे होते.

स्टॅटोलिथ म्हणजे तोल सांभाळण्याच्या अवयवातला खडा. डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या खाली, कूर्चेच्या दोन पोकळ्या असतात आणि प्रत्येकीत कॅल्शियम कार्बोनेटचा एकेक खडा असतो. पूर्ण वाढलेल्या किनारी स्क्विडमध्येही तो एक ते दोन मिलिमीटरच भरतो. टेबलावर निसटला तर तो मिठाच्या कणापासून वेगळा ओळखता येत नाही, हे मी पुरेशा वेळा अनुभवले आहे. तो बारीक चिमट्याने काढून, धुऊन, काचपट्टीवर उष्णतेने मऊ होणाऱ्या राळेत बसवतात आणि आधी एका बाजूने, मग उलटवून दुसऱ्या बाजूने बारीक घासपट्टीवर पाण्यात घासतात. दर पाच-सात वेळा हात फिरवला की सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मध्यबिंदू स्वच्छ दिसू लागला की थांबायचे, कारण आणखी दोनदा हात फिरला तर तोच मध्यबिंदू झिजून जातो आणि त्या प्राण्याच्या आयुष्याचे पहिले पान कायमचे नष्ट होते. नीट घासलेल्या खड्यात चारशे पटींच्या भिंगाखाली फिकट-गडद वलये झाडाच्या खोडातल्यासारखी दिसतात. फरक इतकाच की झाडाचे वलय वर्षाचे असते आणि हे वलय एका दिवसाचे. हे गृहीतक नाही. जिवंत स्क्विडच्या खड्यावर टेट्रासायक्लिनसारख्या द्रव्याने खूण उमटवून, प्राणी ठराविक दिवस टाकीत ठेवून, खुणेपलीकडची वलये मोजून अनेक जातींमध्ये ते पडताळलेले आहे. अंड्यातून बाहेर पडतानाचे वलय इतरांपेक्षा ठळक असते. तिथून कडेपर्यंत मोजणी करायची. मी प्रत्येक खडा वेगवेगळ्या दिवशी, आधीचा आकडा न पाहता दोनदा मोजतो, आणि दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक आला तर तो नमुना सोडून देतो.

या मोजणीतून येणारी वये ऐकणाऱ्याला पहिल्यांदा पटत नाहीत. कॅलिफोर्नियाचा बाजारी स्क्विड साधारण सहा ते नऊ महिन्यांत आयुष्य संपवतो. उष्ण पाण्यातल्या काही लहान जाती दोनशे दिवसही गाठत नाहीत. थंड पाण्यातले, मोठ्या अंगाचे युरोपीय आणि दक्षिण आफ्रिकी स्क्विड वर्षाच्या पलीकडे, फार तर दीड वर्षापर्यंत जातात, आणि किनारी स्क्विडमध्ये हीच दीर्घायुष्याची मर्यादा समजावी. त्यामुळे आपण पाहिलेला हातभर लांब नर आणि बोटभर लांब नर यांच्यात तीन-चार महिन्यांचेच अंतर असू शकते. कधी तर दोघे समवयस्कही असतात.

हे कसे शक्य आहे, ते चक्रवाढीच्या हिशेबातून लवकर कळते. लहान वयात स्क्विडचे वजन रोज काही टक्क्यांनी वाढते. समजा एक पिल्लू रोज पाच टक्क्यांनी आणि दुसरे रोज सहा टक्क्यांनी वाढले. नव्वद दिवसांनी पहिल्याचे वजन जन्मवेळच्या सुमारे ऐंशी पट होते, तर दुसऱ्याचे सुमारे एकशे नव्वद पट. एका टक्क्याच्या फरकाने तीन महिन्यांत दुपटीहून अधिक तफावत पडते, आणि हा एक टक्का पाण्याच्या तापमानातल्या लहानशा फरकातूनही येऊ शकतो. फोर्साइथ या अभ्यासकाने १९९३ साली हीच गोष्ट सूत्ररूपाने मांडली: वसंतात पाणी तापत जात असेल, तर उशिरा जन्मलेली तुकडी अधिक उबदार पाण्यात बालपण काढते, वेगाने वाढते आणि आधी जन्मलेल्यांना गाठते, कधी मागेही टाकते. लांबीवरून वय सांगू नये असे मी नव्या सहकाऱ्यांना बजावत असतो, त्याचे कारण हेच.

आता पहिले दोन प्रश्न. दोघांचे उत्तर एकच आहे: येतात ते अंडी घालायला येतात, आणि जातात म्हणजे बहुतांशी मरतात. पुढल्या वर्षी येतात ती त्यांची पिल्ले, किंवा पिल्लांची पिल्ले. पक्ष्यांच्या स्थलांतराची उपमा इथे फसवी ठरते, कारण पक्षी वाट ओळखतो, परत जातो आणि पुन्हा येतो. किनारी स्क्विडचा प्रत्येक प्राणी मात्र ही वाट एकदाच चालतो: लहानपणी किनाऱ्यापासून दूर आणि मोठेपणी किनाऱ्याकडे. त्याला वाट दाखवणारा कोणी वडीलधारा नसतो, कारण तो अंड्यातून बाहेर पडण्याआधीच आईबाप गेलेले असतात.

त्या वाटेची सुरुवात तळावर होते. मादी अंडी सुटी सोडत नाही. ती जेलीसारख्या पदार्थाच्या, बोटाएवढ्या लांब शेंगांमध्ये भरून वाळूत, खडकाला किंवा समुद्री वनस्पतींच्या देठांना चिकटवते. कॅलिफोर्नियाच्या जातीत एका शेंगेत साधारण दोनशे ते तीनशे अंडी असतात आणि एक मादी अशा अनेक शेंगा घालू शकते. तिच्या अंडाशयात आयुष्यभराची मिळून चार हजारांहून कमीच अंडी असतात. माशांच्या तुलनेत हा आकडा फारच लहान आहे, आणि म्हणूनच शेंगेतल्या संरक्षणावर तिची इतकी भिस्त असते. एका मादीने शेंग लावली की दुसरी तिच्याच शेजारी लावते, तिसरी त्यांच्याजवळ, आणि असे करता करता तळावर पांढऱ्या झुपक्यांचे गालिचे तयार होतात. अंडी पाहणे हेच नरांनाही चेतवते. लांब पराच्या स्क्विडमध्ये शेंगेच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला स्पर्श होताच नर क्षणात आक्रमक होऊन भांडू लागतात, हे २०११ साली दाखवले गेले आहे. म्हणजे अंड्यांचा झुपका हा स्वतःच थवा जमवणारा आणि टिकवणारा घटक आहे. थवा एका जागी इतका घट्ट का बसतो, याचे अर्धे उत्तर तळावर पडलेले असते.

मादी किती दिवस जगते यात जातीजातींत फरक आहे. कॅलिफोर्नियाच्या बाजारी स्क्विडची मादी अंडी घालू लागल्यावर फार तर काही दिवस तग धरते. त्या वेळी तिचे अंग पातळ, मऊ आणि फिकट पडलेले असते, कातडी सोलवटलेली असते आणि हातात घेतल्यावर ती ओल्या कापडासारखी लोंबते. दक्षिण आफ्रिकी स्क्विडसारख्या जाती मात्र हप्त्याहप्त्याने अंडी घालतात. त्यांच्या अंगावर ध्वनी सोडणाऱ्या खुणा लावून केलेल्या पाहणीत असे दिसले की थवे पहाटे अंड्यांच्या जागेवर जमतात आणि संध्याकाळी पांगतात, मग कधी त्याच तर कधी दुसऱ्या जागी पुन्हा हजर होतात. त्यामुळे ‘आज आहेत, उद्या नाहीत’ असे दिसले म्हणजे सगळे मेलेच असे समजू नये. थवा चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या झुपक्याकडे सरकलेला असू शकतो. महिनाभर काहीच दिसले नाही, तर मात्र तो संपला असे समजावे.

अंडी किती दिवसांत फुटतात, हे जवळजवळ पूर्णपणे तळाच्या पाण्याच्या तापमानावर ठरते. कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यात तीन ते पाच आठवडे लागतात. युरोपीय स्क्विडच्या अंड्यांना बावीस अंश सेल्सियसला सुमारे पावणेचार आठवडे, तर बारा-चौदा अंशांना सुमारे दीड महिना लागतो. पिल्लू बाहेर येते ते बहुधा रात्री, आणि अडीच-तीन मिलिमीटरचे. त्याला पॅरालार्वा म्हणतात. हे प्रौढाचेच लहान रूप असते, बेडूकमाशासारखे वेगळे नाही. पण त्याची राहणी वेगळी, प्लवकांबरोबर तरंगण्याची. पोटातला बलक काही दिवस पुरतो. तेवढ्यात त्याला कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे सूक्ष्म भाईबंद, पकडायला शिकावे लागते, आणि कोपेपॉड हे पाण्यातले अत्यंत चपळ जीव आहेत. टाकीत वाढवलेल्या पिल्लांची पहिली शिकार पाहणे मला अजूनही कष्टदायक वाटते: ते झेपावते, कोपेपॉड उडी मारून निसटतो, ते थांबते, पुन्हा झेपावते, असे डझनभर प्रयत्न वाया जातात. प्रौढासारखे दोन लांब स्पर्शक फेकून भक्ष्य टिपायला ते जवळपास महिन्याने शिकते. तोवर बहुसंख्य पिल्ले उपाशी मेलेली किंवा खाल्ली गेलेली असतात. पुढल्या हंगामाचे माप बहुतेक इथे, या एका महिन्यात पडते. मोठ्या स्क्विडांची मोजदाद करून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधण्याच्या प्रयत्नांना म्हणूनच वारंवार अपयश येते.

पॅरालार्वा प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाही, पण ती अगदीच असहाय नसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती रात्री पंधरा मीटरच्या आसपास आणि दिवसा तीसेक मीटरवर आढळते. वरचे आणि खालचे पाणी वेगवेगळ्या दिशेने वाहत असेल, तर या रोजच्या चढउतारामुळे ती किनाऱ्याजवळच राहते. दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट मांडणी केली जाते: पूर्वेकडच्या उथळ उपसागरांत अंडी घातली जातात आणि पिल्ले प्रवाहाबरोबर पश्चिमेला, अगुल्हास बँक या समुद्रतळाच्या विस्तृत उथळ भागावरच्या थंड आणि कोपेपॉडांनी समृद्ध पाण्याकडे वाहत जातात, तिथे वाढून ती प्रौढपणी पूर्वेकडे पोहत येतात. मला ही मांडणी आवडते, कारण ‘अंडी इथेच का घालतात’ या प्रश्नाचे उत्तर त्यात आईच्या सोयीत शोधलेले नाही. पिल्लू वाहत कुठे पोहोचेल, ते त्यात पाहिले आहे.

हालचालींचा साचा मात्र ठिकाणागणिक बदलतो, आणि एका किनाऱ्याचे वेळापत्रक दुसऱ्याला लावणे ही नेहमीची चूक आहे. वायव्य अटलांटिकमध्ये चाल किनाऱ्याशी काटकोनात असते: हिवाळ्यात उथळ पाणी आठ अंशांच्या खाली जाते, तेव्हा स्क्विड समुद्रबूड जमिनीच्या कडेला, शंभर-दोनशे मीटर खोलीच्या तुलनेने उबदार पाण्यात असतात, एप्रिल-मेपासून किनाऱ्याकडे सरकतात, उन्हाळाभर अंडी घालतात आणि शरद ऋतूत नवी पिढी पुन्हा कडेकडे निघते. याच किनाऱ्यावरच्या, अमेरिकेतल्या वुड्स होल येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आपले प्रयोग उन्हाळ्यात उरकत, त्याचे हेही एक कारण आहे; स्क्विडच्या जाड मज्जातंतूवरच्या कामासाठी हॉजकिन आणि हक्सली यांना १९६३ साली नोबेल मिळाले, पण तो मज्जातंतू ताजाच लागतो आणि ताजा स्क्विड हंगामाबाहेर मिळत नाही.

फॉकलंड बेटांभोवती एकाच जातीच्या दोन फळ्या आहेत, एक शरद ऋतूत अंडी घालणारी आणि दुसरी वसंतात. दोन्हींची पिल्ले उथळ पाण्यात, केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या देठांना लावलेल्या शेंगांतून निघतात, वाढीसाठी दोनशे मीटरच्या आसपासच्या आणि त्याहून खोल पाण्याकडे उतरतात आणि पिकल्यावर परत उथळात येतात. फक्त त्यांची घड्याळे एकमेकांपासून सुमारे सहा महिने सरकलेली असतात. तिथे वर्षात मासेमारीचे दोन हंगाम असतात ते त्यामुळे. कॅलिफोर्नियात हंगामच जागा बदलतो: मध्य भागात, मॉन्टेरेच्या बाजूला, तो साधारण एप्रिल ते नोव्हेंबर आणि दक्षिणेत ऑक्टोबर ते मार्च. आधी उत्तरेत असलेला थवाच दक्षिणेला गेला, असा यावरून लगेच निष्कर्ष निघत नाही. वेगवेगळ्या महिन्यांत जन्मलेल्या तुकड्या आपापल्या जागी पिकतात, असे मानल्यानेही हे चित्र उलगडते. उष्ण कटिबंधात, उदाहरणार्थ हिंदी महासागरातल्या भारतीय स्क्विडमध्ये, वर्षभर थोडीथोडी अंडी घातली जातात आणि हंगाम म्हणजे केवळ एक-दोन उंचवटे असतात. तिथे तापमानापेक्षा तळचे पौष्टिक पाणी वर येण्याची वेळ अधिक निर्णायक ठरते.

स्क्विडला ही घाई का, याचेही उत्तर त्याच्या शरीरात आहे. तो चरबी साठवत नाही. रोजच्या खाण्यातून जे मिळते ते रोजच्या रोज स्नायू आणि पुढे अंडी घडवण्यात खर्ची पडते. त्यामुळे मासे करतात तशी ‘हिवाळाभर थोडे खाऊन तग धरू’ ही सोय त्याला नाही. भक्ष्य जिथे सरकेल तिथे त्याला सरकावे लागते आणि खायला कमी पडले तर सोबतचा लहान स्क्विड खाल्ला जातो. थवे आकारानुसार वेगळे राहतात, त्यामागे हा स्वजातिभक्षणाचा धोका आहे. आपल्या जाळ्यात हातभर आणि बोटभर एकत्र आले असतील, तर ट्रॉलने वाटेत दोन थवे उचलले असण्याची शक्यता आधी पडताळावी.

दुसरी शक्यता अधिक रंजक आहे. अंड्यांच्या जागेवर सापडलेला बोटभर नर कापून पाहिला आणि त्याच्या पोटात पांढऱ्या, दोऱ्यासारख्या शुक्राणुपुड्या भरलेल्या दिसल्या, तर तो पिल्लू नव्हे. तो पूर्ण वयात आलेला चोरटा नर आहे. मोठा नर मादीला जोडीने राखतो आणि शुक्राणू तिच्या अंगाच्या पोकळीत, अंडनलिकेच्या तोंडाशी ठेवतो. लहान नर भांडणात पडत नाही. मादी शेंग हातात धरून असते त्या क्षणी झेप घेऊन तो आपले शुक्राणू तिच्या तोंडाजवळ ठेवतो. जपानजवळच्या ब्लीकर स्क्विडमध्ये या दोन प्रकारच्या नरांचे शुक्राणूसुद्धा वेगवेगळ्या लांबीचे असतात. कोण कोणता मार्ग धरणार हे कसे ठरते, यावर २०२४ साली त्याच जातीच्या स्टॅटोलिथमधून उत्तर आले: हंगामाच्या सुरुवातीला जन्मलेले नर मोठे जोडीदार होतात आणि उशिरा जन्मलेले चोरटे. म्हणजे जन्मतारखेने प्राण्याचा आकारच ठरतो असे नाही, त्याचे वागणेही ठरते. एका घासलेल्या खड्यातून इतके निघते, हे पाहिल्यावर माझ्या मानेचे दुखणे मला जरा सुसह्य वाटले.

राहिला चौथा प्रश्न, न येणाऱ्या वर्षाचा. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, आणि त्या वेगळ्या ठेवणे गरजेचे आहे. एक, स्क्विड आले पण वेळ चुकली. इंग्लिश खाडीतल्या लोलिगो फोर्बेसी या किनारी स्क्विडच्या नोंदींचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात, आधीच्या महिन्यांत तळाचे पाणी उबदार राहिलेल्या वर्षांत त्यांची गर्दी अतिथंड वर्षांच्या तुलनेत १२० ते १५० दिवस आधी उसळलेली दिसते. चार-पाच महिन्यांचा फरक म्हणजे जो नेहमीच्याच महिन्यात पाहायला जाईल, त्याला त्या वर्षी स्क्विड आलेच नाहीत असे वाटणार. दोन, खरोखरच पिढी बुडाली. १९९७-९८ च्या एल निन्योमध्ये कॅलिफोर्नियात तळचे थंड पाणी वर येणे मंदावले, क्रिल आणि इतर प्लवक घटले, आणि वर्षाला सत्तर-ऐंशी हजार टन मिळणारा बाजारी स्क्विड १९९८ साली तीन हजार टनांच्या आत आला. जे सापडले तेही आकाराने लहान होते. मच्छीमारीने तो संपवला, असे तेव्हा बोलले गेले. पण १९९९ साली पकड पुन्हा नव्वद हजार टनांच्या पुढे गेली. वर्षाच्या आत पिढी पुरी करणारा प्राणी इतक्या झपाट्याने कोसळतो आणि इतक्याच झपाट्याने सावरतो.

मात्र यावरून ‘कितीही पकडा, काही होत नाही’ असा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. माशांच्या साठ्यात पाच-सात वयोगट एकाच वेळी पाण्यात असतात. एक बुडाला तरी बाकीचे असतात. स्क्विडमध्ये पाठीशी उभा राहणारा दुसरा वयोगट नसतो. पाण्यात आज आहे तेवढेच भांडवल, आणि ते सगळे एका लहानशा जागी, काही आठवड्यांसाठी, दिव्याखाली गोळा झालेले. म्हणून जाणत्या ठिकाणचे नियम अंडी घालण्याच्या वेळेला धरून केलेले आहेत. कॅलिफोर्नियात दर आठवड्याला शुक्रवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत जाळी थांबवतात, कारण मादी जेमतेम काही दिवस अंडी घालते आणि तिला अखंडित दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ साधते. दक्षिण आफ्रिकेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, अंडी घालण्याच्या भरात, काही आठवडे बंदी असते. फॉकलंडमध्ये हंगाम चालू असतानाच साठ्याचा अंदाज सतत ताजा करतात आणि अंडी घालण्यासाठी दहा हजार टन स्क्विड पाण्यात उरावेत हे मर्यादा म्हणून पाळतात.

आपल्याला आपल्या पट्ट्यात स्वतः काही पडताळायचे असेल, तर लांबी मोजण्यावर सगळा वेळ घालवू नका. आठवड्याला वीस-पंचवीस स्क्विड पोटाच्या बाजूने उघडून पाहा. मादीत अंगाच्या पोकळीत दोन मोठ्या, दुधाळ पांढऱ्या, लांबट ग्रंथी दिसतील. शेंगेचे आवरण त्याच बनवतात. त्यांच्या पुढच्या टोकाशी लहान सहायक ग्रंथी असतात. त्या फिकट असतील तर मादी अजून कच्ची आहे. नारिंगी-लाल झाल्या असतील तर ती आजउद्या अंडी घालणार. तोंडाभोवतीच्या पडद्यावर पांढरा ठिपका दिसला, तर तिचे मीलन होऊन गेले आहे, मग ग्रंथी कच्च्या असल्या तरी. अशा लाल ग्रंथींच्या माद्यांचे प्रमाण आठवड्यागणिक लिहून ठेवले आणि शेजारी तळाच्या पाण्याचे तापमान लिहिले, पृष्ठभागाचे नव्हे, तर दोनच हंगामांत आपल्याला आपल्या थव्याचे घड्याळ वाचता येऊ लागेल.

आणि शेंगा जाळ्यात किंवा दोरीला चिकटून वर आल्या, तर त्या फेकण्याआधी एक शेंग उजेडासमोर धरा. आत नुसते पारदर्शक मणी दिसले, तर अंडी ताजी आहेत. मण्यांत दोन-दोन लालसर-काळे ठिपके दिसले, तर ते पिल्लांचे डोळे आहेत, आणि निम्मा काळ उलटला आहे. डोळ्यांखेरीज अंगावर तपकिरी ठिपके उमटून ते लहानमोठे होताना दिसले, तर रंगपेशी चालू झाल्या आहेत. शेंग लगेच, शक्यतो त्याच खोलीच्या पाण्यात परत सोडा, कारण तिच्यातली पिल्ले एक-दोन रात्रींत बाहेर पडायच्या बेतात आहेत.